हरकत न घेण्याविषयी

संहितेचे मौन हा गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेचा आवडता विषय झाला आहे. संहिता जे सांगत नाही त्यातूनही वाचक अर्थ उभा करतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मीही ते वर्षानुवर्षे शिकवले आहे. परंतु सर्व मौने एका जातीची नसतात, हे मला समीक्षाग्रंथांनी शिकवले नाही. सी या संगणकभाषेतील एका लहानशा तपासणीने ते शिकवले, आणि ती तपासणी माझ्याच हातून निकामी झाल्यामुळे एका वाक्याचे जे झाले त्याने शिकवले. ती हकीकत आणि तीतून निघणारा एक भेद येथे मांडावयाचा आहे. वाट थोडी तांत्रिक असली तरी प्रश्न वाचनाचाच आहे, म्हणून वाचकांनी काही परिच्छेद धीर धरावा अशी विनंती आहे.

मी साहित्याकडे गणितातून आलो. पदवीनंतर दोन वर्षे संगणकाची कामे करून मी मराठीच्या एम. ए.ला प्रवेश घेतला, आणि ज्या सरांच्या हाताखाली पुढे संशोधन केले त्यांच्याकडे मालवणी बोलीतील शब्दांची कार्डे होती. साठच्या दशकापासून गावोगाव हिंडून त्यांनी ती जमवली होती. प्रत्येक कार्डावर शब्द, अर्थ, गावाचे नाव आणि शब्दाचा उपयोग दाखविणारे एक वाक्य असे. ही वाक्ये सरांनी रचलेली नव्हती; कुणीतरी बोललेली होती आणि सरांनी ती तशीच टिपली होती. 'शब्द कुठंही सापडेल, वाक्य पुन्हा सापडत नाही' असे ते म्हणत.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ही कार्डे संगणकावर उतरवली गेली. त्या वेळी भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली मानक म्हणून स्वीकारलेली इस्की ही संकेतव्यवस्था प्रचारात होती. तीत देवनागरीचे व्यंजन, स्वर अथवा मात्रा यांतील प्रत्येक चिन्हाला साधारणतः एक बाइट पुरतो. नोंदी फ्लॉप्यांवर साठवल्या गेल्या. पुढे युनिकोड रुळले तेव्हा, २००४ साली, सर्व नोंदी नव्या व्यवस्थेत नेण्याचे काम मी अंगावर घेतले. युनिकोडच्या यूटीएफ-आठ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. रिकामी जागा व स्वल्पविराम मात्र एकेकच बाइट. म्हणजे मजकूर तोच राहून जागा जवळपास तिप्पट लागणार होती. हे मला ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्टही निसटू नये म्हणूनच तर मी प्रोग्रॅममध्ये तपासणी ठेवली होती.

या तपासणीचे स्वरूप समजावून घेणे आवश्यक आहे. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. तिच्यात लिहिलेला मजकूर यंत्र थेट चालवीत नाही. आधी कंपायलर तो वाचतो व यंत्राच्या भाषेत उतरवतो. हे वाचन टप्प्याटप्प्यांनी होते. आरंभीच्या एका टप्प्यावर मॅक्रो उलगडले जातात. मॅक्रो म्हणजे मजकुराच्या जागी दुसरा मजकूर ठेवण्याचा संकेत. त्याला व्याकरणही कळत नाही आणि अर्थही कळत नाही. कोणती वस्तू किती बाइटांची आहे हे पुढच्या टप्प्यावर ठरते, आणि पुढच्या टप्प्याचे ज्ञान मागच्या टप्प्याला मिळत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील शेवटच्या तीन पादांचे कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने झालेलेच नसते, या असिद्धत्वाच्या कल्पनेची येथे आठवण व्हावी. मॅक्रोच्या टप्प्यावरील अटीत एखादे अनोळखी नाव आले, तर कंपायलर ते न अडखळता शून्य समजतो. परिणामी दोन अनोळखी नावे एकमेकांशी समान आहेत काय असे विचारले, तर उत्तर 'होय' असे येते. अज्ञानालाच संमती मानण्याची ही खोड पुढील हकीकतीच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेव्हा आकारमानाविषयीची अट तपासायची तर ती दुसऱ्या टप्प्यावर तपासावी लागते. सी भाषेत त्यासाठी त्या काळी स्वतंत्र शब्द नव्हता. तो २०११ च्या मानकात आला. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. अट मोडली तर उणे एक आणि न मोडली तर एक असा आकडा निघेल अशी पदावली लिहायची, आणि तितक्या घरांची एक रांग मागायची. उणे एक घरांची रांग असू शकत नाही, म्हणून कंपायलर तेथेच थांबतो व मजकूर स्वीकारायला नकार देतो. ती रांग प्रत्यक्षात कधीच बांधली जात नाही. तिच्या आकाराचा फक्त उच्चार होतो. एका अर्थी ही वक्रोक्तीच आहे. 'हे खरे आहे काय?' असे विचारण्याची सोय नाही, म्हणून ते खोटे असल्यास वाक्यच अशक्य होईल अशा रीतीने ते बोलायचे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये ही युक्ती होती आणि मी ती पारखूनही घेतली होती. मुद्दाम चुकीचा आकडा घातला तेव्हा कंपायलरने नकार दिला होता. पुढे शब्दांच्या संग्रहासोबत म्हणींचा संग्रहही त्याच प्रोग्रॅमने हाताळावा असे ठरले. दोन्हींत वाक्याची कमाल लांबी वेगळी होती. म्हणून पूर्वी ठाम आकडा म्हणून लिहिलेली लांबी मी बदलती केली. ती आता फंक्शनला बाहेरून दिली जाऊ लागली. त्याच संध्याकाळी मी इस्कीचे गणित बदलून तिपटीचे केले. तपासणीची ओळ जागच्या जागी होती. कंपायलर चालवला. त्याने हरकत घेतली नाही. मी निश्चिंत झालो.

झाले होते ते असे. रांगेचा आकार ठाम आकड्याने सांगितलेला असेल तरच कंपायलर वाचनाच्या वेळी तो पारखू शकतो. आकार बदलत्या राशीवर अवलंबून असेल तर, मी वापरत होतो त्या जीएनयू कंपायलरच्या दृष्टीने, ती निराळ्याच जातीची रांग होते. तिची लांबी प्रोग्रॅम चालताना ठरायची असते. अशा रांगा त्या कंपायलरने आधीपासून चालवून घेतल्या होत्या. १९९९ च्या मानकाने त्यांना अधिकृत केले आणि २०११ च्या मानकाने ऐच्छिक ठरवले. माझ्या एका बदलाने तपासणीची जात बदलली होती. वाक्य अक्षरशः तेच राहिले होते, परंतु तो आता प्रश्न उरला नव्हता. कंपायलरने अट पाहून संमती दिली नव्हती. त्याला अट विचारलीच गेली नव्हती. आणि प्रोग्रॅम चालताना ती निरुपयोगी पदावली काहीही न करता निघून गेली.

सरांनी मला त्या आठवड्यात विचारले होते, 'सगळं नीट उतरलं ना?' मी म्हणालो, 'हो सर, तपासणी ठेवली आहे. यंत्रानं काही हरकत घेतली नाही.' यावर ते म्हणाले, 'हरकत घेतली नाही म्हणतोस, पण विचारलं होतंस ना त्याला?' मला तो त्यांचा नेहमीचा विनोद वाटला. मी हसलो.

पुढच्या वर्षी छपाईसाठी काढलेली मुद्रिते सर वाचत बसले असताना त्यांनी मला बोलावून एक नोंद दाखवली. शब्द होता 'झील', म्हणजे मुलगा. वाक्य असे छापले होते: 'चवथ सरली, दसरो झालो, दिवाळी येवन गेली, तरी मुंबैसून आमचो झील इलो'. सर म्हणाले, 'ही बाई मुलगा आला म्हणते आहे. मग "तरी" कशासाठी?'

२५६ बाइटांच्या नोंदीत इतर रकाने आणि समाप्तीची खूण वजा जाता वाक्याच्या वाट्याला १६४ बाइट आले होते. या वाक्यातील 'इलो'पर्यंतचा मजकूर, मात्रांसह ५० चिन्हे आणि १४ रिकाम्या जागा व स्वल्पविराम मिळून, नेमका १६४ बाइट भरतो. पुढचे कापले गेले होते. जगातील कुठल्याही भाषेचे वाक्य असे कापले तर नुकसान होईल, परंतु मराठीचे आणि तिच्या बोलींचे नुकसान विशेष प्रकारचे होते, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'आला नाही' याचा शेवट गळला की 'आला' उरते, आणि ते तितकेच शुद्ध, तितकेच पूर्ण दिसते. मोडलेले वाक्य मोडलेले दिसले असते तर ते आधीच सापडले असते. इथे वाक्य मोडले नव्हते, उलटले होते.

रकाना काठोकाठ भरलेल्या नोंदींची यादी काढणे सोपे होते. त्यांतील बहुतेक मूळ कार्डांवरून दुरुस्त झाल्या. परंतु दरम्यान विभागाची खोली बदलली होती आणि 'आता सगळे संगणकावर आहे' या माझ्याच भरवशावर कार्डांचे काही गठ्ठे रद्दीत गेले होते. उरलेला आधार जुन्या फ्लॉप्यांचा. त्यांतील काहींवर कोकणातल्या दमट हवेने बुरशी धरली होती. अखेरीस ४३ वाक्ये अशी राहिली की ज्यांचा शेवट कुठेच नव्हता. 'झील'चे वाक्य त्यांपैकी एक.

मी सरांना म्हणालो की, निदान या वाक्यात तरी अडचण नाही. 'नाय' हा शब्द गळला आहे हे उघड आहे. मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर 'तरी' या शब्दाने जी आकांक्षा निर्माण केली आहे ती नकाराशिवाय पुरी होत नाही. सण उलटून गेल्याची मोजदाद, मुंबईचा उल्लेख, 'आमचो' हा शब्द, सगळे एकाच दिशेने बोट दाखवते. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'तुला कळलंय ते बरोबरच असेल. पण तुला कळलं ते वेगळं आणि तिनं म्हटलं ते वेगळं. कार्डावर मी तिचं लिहिलं होतं.' त्यांच्या आग्रहाने त्या ४३ नोंदींपुढे 'वाक्य अपूर्ण' असे छापले गेले. मला तो हट्ट वाटला. माझ्या चुकीची जाहिरात ४३ वेळा होणार, हेही मनात होते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्या काळात मी वोल्फगांग इझर शिकवत असे. संहितेतील रिक्तस्थाने वाचकाला कामाला लावतात आणि ती भरण्याच्या क्रियेतून साहित्यकृती घडते, हे त्यांचे प्रतिपादन आपल्याकडे चांगले परिचित आहे. सरांच्या हट्टामुळे मला पहिल्यांदा प्रश्न पडला की, रिक्तस्थान कुणी निर्माण केले हे पाहिल्यावाचून ते भरण्याचा अधिकार वाचकाला मिळतो काय? लेखकाने राखलेली जागा आणि वाळवीने, बुरशीने किंवा माझ्यासारख्याच्या प्रोग्रॅमने पाडलेले भगदाड, वाचकाच्या कल्पनाशक्तीला दोन्ही सारखीच कामाला लावतात. वाचनाच्या अनुभवात त्यांच्यात फरक जाणवत नाही. म्हणूनच तो फरक अनुभवाबाहेरच्या एखाद्या शिस्तीने राखावा लागतो. पाठचिकित्सेने ती शिस्त केव्हाच घालून दिली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिची पायाभरणी वि. सी. सुखटणकर यांनी केली, पुरेसा निश्चित नसलेला पाठ छापताना त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली आहे. ती रेघ वाचकाला इतकेच सांगते की, येथे संपादकाला जे पटले आहे ते सिद्ध झालेले नाही.

पटणे आणि सिद्ध होणे यांतील हे अंतर मला पूर्णपणे उमगले ते बऱ्याच वर्षांनी, आणि पुन्हा सी भाषेतच. २०१८ साली लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातून त्याच बदलत्या लांबीच्या रांगा हद्दपार करण्याचे काम चालले होते. तेव्हा एक प्रश्न उपस्थित झाला: लिहिलेली पदावली भाषेच्या व्याकरणानुसार पूर्णांकी अचल पदावली आहे की नाही, हे मॅक्रोतून कसे ओळखावे? जीएनयू कंपायलरमध्ये 'ही राशी अचल आहे हे तुला ठाऊक आहे काय' असे विचारण्याची सोय होतीच. परंतु तिचे उत्तर कंपायलर किती कसून वाचतो आहे यावर अवलंबून असते. सुधारणेची पातळी वाढवली की पूर्वी 'नाही' म्हटलेल्या ठिकाणी तो 'होय' म्हणू शकतो, कारण मजकुराच्या आडून त्याने किंमत ताडलेली असते. म्हणजे ते उत्तर संहितेविषयीचे नसून वाचकाच्या हुशारीविषयीचे असते.

मार्टिन यूकर यांनी सुचवलेल्या मॅक्रोने हा पेच सोडवला. त्याची रीत अशी. तपासायच्या पदाला शून्याने गुणायचे. गुणाकार काहीही झाले तरी शून्यच, हे शाळकरी मुलालाही कळते. मग त्या शून्याला 'कशाचा तरी पत्ता' असे रूप द्यायचे, आणि एका सशर्त पदावलीच्या एका बाजूला ते व दुसऱ्या बाजूला 'पूर्णांकाचा पत्ता' ठेवायचा. मानकाचा नियम असा की, शून्य किमतीची अचल पदावली या रूपात आली तर ती 'शून्य पत्ता' ठरते, आणि शून्य पत्त्याला स्वतःचा आग्रह नसल्यामुळे संपूर्ण पदावली दुसऱ्या बाजूची जात घेते. परंतु मूळ पद व्याकरणाने अचल नसेल, तर गुणाकार शून्य असूनही ते शून्य शून्य पत्ता ठरत नाही, आणि पदावलीची जात 'कशाचा तरी पत्ता' अशी होते. शेवटी त्या पत्त्यावरील वस्तूचे आकारमान विचारायचे. पूर्णांकाइतके आले तर पद अचल. एक आले तर नाही. आकारमान विचारताना पदाची किंमत काढली जात नाही, त्यामुळे विचारण्याने काही बिघडतही नाही. आणखी गमतीची गोष्ट अशी की, 'कशाचा तरी' या जातीला आकारमानच नाही असे मानक म्हणते. ते एक आहे ही जीएनयू कंपायलरची खास सवलत आहे. काटेकोरपणाची ही कसोटी एका कंपायलरच्या लहरीवर उभी आहे. शुद्ध, निराधार असे कोणतेच परीक्षण नसते, याची ती नोंद समजावी.

मला यात सर दिसले. शून्याने गुणलेली राशी शून्य आहे हे कंपायलरला कळते, लिहिणाऱ्याला कळते, सर्वांना कळते. तरीही नियम विचारतो तो 'किंमत काय' हा प्रश्न नव्हे, तर ती किंमत कशा रूपात सांगितली आहे हा. जे सर्वांना उमगले आहे पण विहित रूपाने सांगितलेले नाही, त्याला तो सांगितल्याचा दर्जा देत नाही. 'झील इलो' या वाक्याचा अर्थ नकाराचा आहे हे मला उमगले होते आणि ते खोटे नव्हते. परंतु उमगणे हे माझे कर्तृत्व होते, वाक्याचे नव्हे.

सर २००९ साली गेले. त्यांची पुस्तके लावताना, काही वर्षांनी, एका व्याकरणग्रंथात खूण म्हणून ठेवलेले एक कार्ड मला मिळाले. त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात 'झील' आणि ते वाक्य होते. शेवटचा शब्द 'नाय' नव्हता. वाक्य असे संपत होते: 'तरी मुंबैसून आमचो झील इलो खंय?'

अर्थ तोच आहे. मुलगा आलेला नाही. माझे अनुमान किमतीच्या दृष्टीने अचूक होते. परंतु त्या बाईने नकार दिला नव्हता. तिने विचारले होते. 'नाय' म्हणताना वाट पाहणे संपलेले असते. 'खंय' म्हणताना ते संपलेले नसते. मी 'नाय' भरले असते तर वाक्य शुद्ध झाले असते, सुसंगत झाले असते, कुणाही वाचकाने हरकत घेतली नसती, आणि ती बाई कायमची गप्प झाली असती.

म्हणून संहितेच्या मौनाविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना मी आता दोन प्रश्न आधी विचारतो. हे मौन कुणाचे आहे? आणि आपल्या वाचनाला हरकत घेण्याची संधी आपण संहितेला कोणत्या वाक्यात दिली होती? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर संहितेने आपल्याशी सहमती दाखवली असे म्हणता येत नाही. आपली तपासणी जागच्या जागी दिसत असते, इतकेच. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ अजून आहे. मी तिच्याजागी नव्या मानकातील शब्द घातला आहे. दिलेली अट अचल नसेल तर तो गप्प बसत नाही. मला प्रश्नच विचारलेला नाही, असे तो सांगतो. 'झील'च्या नोंदीपुढचे 'वाक्य अपूर्ण' हे शब्द पुढच्या आवृत्तीत काढावे लागतील. उरलेल्या ४२ नोंदींपुढचे तसेच राहतील.